प्रार्थनेत काहीच वाटत नाही, त्या कोरड्या दिवसांचं काय?

श्रद्धा पक्की असेल तर माणूस सदा आनंदी असतो, आणि नसेल तर श्रद्धाच कच्ची, असं इथल्या चर्चेत एकांनी लिहिलंय. पूर्वार्ध एक वेळ चालेल, उत्तरार्ध मुळीच पटला नाही.

मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि वाचणारे हबकले. देव जवळ असल्याचं जाणवतच नाही, आत नुसता काळोख, ही तगमग पानोपानी. तीही जवळपास पन्नास वर्षं! तरी प्रार्थना सुटली नाही आणि कामही नाही. आता यांची श्रद्धा कच्ची म्हणायची का?

ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक संत पौल, त्याचंही तेच. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो पुनःपुन्हा आनंद करायला सांगतो, पण स्वतः होता बंदिवासात. म्हणजे हा आनंद परिस्थितीतून आलेला नव्हता, आणि मनःस्थितीतूनच आला असेल असंही नाही.

मला वाटतं, हा आनंद झोपेसारखा आहे. मागे लागलात की येत नाही. प्रार्थना, कुणाची तरी सेवा, रात्री दिवसाचे आभार मानणं हे चालू ठेवलं की कधीतरी नकळत येतो. (माझे आभार पुष्कळदा जांभया देतच होतात, तो भाग वेगळा.)

ज्यांनी ‘काहीच वाटेना म्हणून प्रार्थना सोडली’ असं लिहिलंय, त्यांना एकच विचारायचंय: सोडल्यावर बरं वाटलं, की चुकल्यासारखं?