पिक्सीजचा ‘डूलिटल’ आणि त्यानंतर काय ऐकावे? सल्ला हवा आहे

थेंबथेंब (धागाकर्ता):
निर्वाना या अमेरिकी रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम (१९९१) मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहे. त्याविषयी काहीही वाचायला घेतले की बॉस्टनच्या पिक्सीज या बँडचे नाव निघतेच, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांचा १९८९चा ‘डूलिटल’ सलग दोनदा ऐकला. खरे सांगायचे तर गाणी तुटक वाटली. काही तर रंगात येता येताच संपली. पुढच्या पिढीवर या अल्बमचा प्रभाव पडला तो नेमका कशामुळे आणि यापुढे काय, कोणत्या क्रमाने ऐकावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तररात्र:
तूर्तास अल्बम बाजूला ठेवून त्यातले ‘टेम’ हे एकच गाणे चार-पाच वेळा ऐकावे. ते जेमतेम दोन मिनिटांचे आहे. किम डीलचा बेस तेच ते मोजके स्वर घोळवत राहतो, ड्रम कोरडे वाजतात, गायक ब्लॅक फ्रान्सिस दातांत धरल्यासारखे शब्द पुटपुटतो आणि काहीही चाहूल न देता गिटार व किंकाळी एकदम अंगावर येतात. मग जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा तोच बेस. ख्यालाची सवय असलेला कान लय टप्प्याटप्प्याने वाढण्याची वाट पाहतो, पण इथे मधली चढण मुळात ठेवलेलीच नाही. निर्वानाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मध्ये कडव्याला गिटारचे दोनच स्वर ठिबकतात आणि ध्रुवपदाला सगळी वाद्ये एकदम कोसळतात, ते याच पद्धतीने. आपण पिक्सीजची नक्कल करू पाहत होतो, असे निर्वानाचा गायक कर्ट कोबेनने १९९४ साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या मुलाखतीत स्वतःच कबूल केले होते.

तुटकपणाविषयी: तो हेतुपुरस्सर आहे. निर्माता गिल नॉर्टन गाणी लांबवण्याचा आग्रह धरू लागला, तेव्हा फ्रान्सिसने त्याला रेकॉर्डच्या दुकानात नेऊन बडी हॉलीच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह दाखवला. त्यातली गाणीही दोन-दोन मिनिटांचीच होती. ‘डूलिटल’ची १५ गाणी ३९ मिनिटांच्या आत संपतात, ती अशी.

यानंतर एक पाऊल मागे जाऊन ‘सर्फर रोझा’ (१९८८) ऐकावा. त्याचे ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचे आहे, आणि ‘इन युटेरो’साठी (१९९३) निर्वाना त्याच्याचकडे गेले. दोन्ही अल्बम पाठोपाठ लावून फक्त ड्रमकडे लक्ष दिले, तर का गेले हे निराळे सांगावे लागणार नाही. त्याच वर्षीचा गायिका पी. जे. हार्वीचा ‘रिड ऑफ मी’ही अल्बिनीचाच, तो मात्र रात्री उशिरा, एकट्याने ऐकण्याचा.

आडवाट:
वरील सल्ला योग्य आहे, पण हळू-मोठ्या आवाजाच्या चर्चेत या अल्बमची निम्मी गंमत हरवते, असे माझे मत आहे. ‘मंकी गॉन टू हेवन’मध्ये समुद्राच्या प्रदूषणाचा विषय आहे आणि सोबतीला व्हायोलिन व चेलो आहेत, ‘डीबेसर’ हे गाणे दिग्दर्शक बुन्युएलच्या १९२९च्या मूकपटावरून सुचलेले आहे, आणि ‘हिअर कम्स युवर मॅन’ची चाल तर कुणीही गुणगुणावी अशी. बँडने बेसवादकासाठी दिलेल्या जाहिरातीत हस्कर डू हा पंक बँड आणि ‘पीटर, पॉल अँड मेरी’ हे लोकगीते गाणारे त्रिकूट असे दोन्ही आवडणारा माणूस हवा, असे म्हटले होते, आणि तिला एकट्या किम डीलने उत्तर दिले. एकीकडे कर्कश गिटार, दुसरीकडे गोड लोकगीते: ‘डूलिटल’ या जाहिरातीबरहुकूम झाला आहे. म्हणून माझ्या यादीत किम डीलच्या द ब्रीडर्स या बँडचा ‘लास्ट स्प्लॅश’ (१९९३) अल्बिनीच्याही आधी येईल.

थेंबथेंब:
दोघांचेही आभार. ‘टेम’ ऐकले. पुटपुटणे नीट कळावे म्हणून हेडफोनचा आवाज वाढवला आणि पुढच्याच क्षणी ते कानांवरून ओरबाडून काढावे लागले.

उत्तररात्र:
आवाज किंकाळीच्या बेताने ठेवावा. पुटपुटणे तेवढ्यात ऐकू आले नाही, तरी चालते.