मदत हवी आहे: वर्गातल्या फोटोंवरून शिक्षकांना बोलतं कसं करायचं?

शिक्षकांनी आपापल्या वर्गाचे फोटो काढायचे आणि त्यावर गटात बोलायचं, असा उपक्रम आमच्याकडे चालू आहे. फोटो भरपूर येतात, पण बहुतेक सजवलेल्या फळ्याचे, नाहीतर हात वर केलेल्या पाठमोऱ्या मुलांचे. चर्चाही ‘छान!’वर आटोपते. फोटोव्हॉइस (लोकांनी स्वतः काढलेल्या फोटोंवरून त्यांचे अनुभव बोलते करण्याची) पद्धतीतले ‘इथे काय दिसतं? खरं काय घडतंय?’ हे प्रश्न देऊन पाहिले. उत्तरं अहवालासारखी आली. एकदाच गप्पा रंगल्या: मागच्या बाकावरून काढलेल्या फोटोत फळ्याचा खालचा अर्धा भाग दिसतच नव्हता!

पालकांची संमती आहे, चेहरे टाळतो, मुख्याध्यापक चर्चेला नसतात. व्हिडिओ मात्र नको. शिक्षक आणखी बुजतात. फोटो काढण्याआधी त्यांना नेमकं काय सांगावं, म्हणजे फसलेले क्षणही टिपले जातील?