मुलांच्या कलावर्गात काय जमतं, काय फसतं: मापांसकट लिहा (अनुभव धागा)

मुलांचे कलावर्ग, सुट्टीतली शिबिरं, सोसायटीच्या हॉलमधले रविवारचे वर्ग चालवणाऱ्यांनी इथे लिहावं. मुलं रमतात हे धरूनच चालू, त्यावर शब्द खर्चू नका. वय, साहित्य, माप, वेळ, आणि मुख्य म्हणजे कुठे फसतं नि का फसतं, ते लिहा. व्हिडिओत दोन तासांत वाळणारी वस्तू कोरड्या हवेच्या गावी वाळलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागदसुद्धा पापडासारखा सादळतो. म्हणून वाळायला किती वेळ लागतो ते प्रत्येकाने लिहाच.

सुरुवात खळीपासून, म्हणजे चिकटवायच्या शिजवलेल्या पिठापासून करते, कारण निम्मी कामं तिच्यावर उभी असतात. १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी. मैदा आधी १ वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा. उरलेल्या ४ वाट्या पाण्याला उकळी आली की त्यात तो धारेने सोडायचा आणि ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत पिठाचा पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येते, तेव्हा गॅस बंद. उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकला तर प्रत्येक कण बाहेरून शिजतो, आत पीठ तसंच राहतं, आणि त्या गुठळ्या मग कशानेच मोडत नाहीत. पावसाळ्यात खळ त्याच दिवशी संपवा. आंबट वास आला की ती गेलीच.

गिरगावहून, कागदाचे वाडगे आणि मुखवटे

वय ६ च्या पुढे. वर्तमानपत्र कात्रीने कापू नका, हाताने फाडा. पट्टी साधारण ३ सेंमी रुंद, १० सेंमी लांब. फाडलेल्या कडेला तंतू सुटे राहतात, ते शेजारच्या पट्टीत मिसळतात. कापलेली कड रंगाखालूनही रेघेसारखी दिसते. पुरवणीचा गुळगुळीत कागद घेऊ नका, तो खळ पीत नाही.

साचा म्हणून स्टीलचं वाडगं उपडं ठेवायचं, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक ताणून लावायचं. फुगा सगळ्यांना आवडतो, पण तो भरवशाचा नाही. दुपारी गरम खोलीत फुगवलेला फुगा रात्री एसीत किंचित आकसतो आणि ओलं कवच आत दबतं.

थर चार. एक थर साध्या पेपरचा, पुढचा गुलाबी रंगाच्या अर्थविषयक पेपरचा, असे आलटून पालटून. कुठे झाकायचं राहिलं ते मुलाला स्वतःलाच दिसतं, आपल्याला ओरडावं लागत नाही. एका दिवशी दोनच थर. चारही एकदम लावले तर बाहेरचा वाळून घट्ट होतो, आतला ओलाच राहतो आणि चौथ्या दिवशी काळे ठिपके दिसतात. डिसेंबरमध्ये दोन थर एका दिवसात वाळतात. जुलैत पंख्याखाली तीन दिवस धरा, आणि वरून कोरडं वाटलं की साच्यावरून काढून आतली बाजू वर करून ठेवा.

एक सांगायचंच आहे. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे. मुलांच्या कामात चिमूटभरही नको, त्यापेक्षा वाडग्याला बुरशी लागलेली परवडली.

परळहून, शाडूची माती

कोरड्या शाडूच्या किलोला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी. पोत्याप्रमाणे थोडं कमीजास्त होतं, म्हणून शेवटचं पाणी हाताने शिंपडत घाला. मळून ओल्या फडक्यात रात्रभर ठेवली की पाणी सगळीकडे सारखं मुरतं. बोटाएवढी वळकटी करून अंगठ्याभोवती वाकवा. वर भेगा पडल्या तर माती कोरडी आहे, बोटांना चिकटली तर ओली. पाच इंची गणपतीला एका मुलामागे ७०० ग्रॅम भिजवलेली माती पुरते.

मूर्ती तडकते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी.

पोट जाड आणि कान पातळ असले की कान आधी वाळून आकसतात, पोट मागे राहतं, आणि जोडावर भेग जाते. उपाय सोपा आहे. मूर्ती थोडी घट्ट झाली की आडवी धरून खालून चमच्याने पोकळ करा, दीड-दोन सेंमी जाडी ठेवा.

दुसरं, नुसतं पाणी लावून हात चिकटवणं. दोन्ही बाजूंना काट्याने चरे पाडा, मध्ये दह्याइतकी पातळ शाडू लावा, मग दाबून जरासं हलवा. जागेवर धरल्यासारखं वाटलं की सोडा.

तिसरं म्हणजे सोंडेत काडी. आधार म्हणून टूथपिक खुपसायचा मोह पालकांना फार होतो. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, आणि सोंड नेमकी तिथेच फुटते. सोंड पोटावर टेकवा. हवेत तरंगणारी सोंड मोठ्यांच्या कारखान्यात ठेवा.

पहिले दोन दिवस वरून पातळ सुती कापड, पंख्याचा झोत अंगावर नाही, ऊन तर नाहीच. त्यानंतर उघडी. श्रावणात एकूण सात-आठ दिवस लागतात. वाळली का ते बघायला मूर्तीचा तळ गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. रंगायची घाई केली तर रंगाचे पापुद्रे सुटतात. विसर्जन घरच्या बादलीत करणार असाल तर गेरू, हळद किंवा पोस्टर कलर वापरा. अॅक्रिलिकची पाण्यात सालं निघून तरंगतात.

प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुलांच्या हाताचे ठसे घेणाऱ्यांना विनंती, ते करू नका. घट्ट होताना ते तापतं, आणि जाड गोळ्यात हात अडकला तर भाजतं. ठसा शाडूत घ्या, प्लास्टर त्या ठशात ओता.

मुलुंडहून, मिठाचं पीठ

२ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. दहा मिनिटं मळायचं. वस्तू अर्ध्या सेंमीपेक्षा जाड नको. ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. आच वाढवली की फुगते.

हे फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात भिंतीवर टांगलेली चांदणी घाम आल्यासारखी ओली होते, मग मऊ पडून दोऱ्यावरून गळते. वॉर्निशचे दोन हात दिले तरी मागची बाजू विसरली की तेच.

लहानांना, म्हणजे ३ ते ५ च्या मुलांना, शिजवलेलं पीठ द्या: १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल, १ मोठा चमचा लिंबाचा रस. मंद आचेवर कढईच्या कडा सोडून गोळा होईपर्यंत ढवळायचं. हवाबंद डब्यात दोन आठवडे टिकतं.

विलेपार्ल्याहून, भाज्यांचे ठसे

हा सगळ्यांत सोपा प्रकार आणि तरी हमखास चिखल होतो, कारण रंग थेट ताटलीत ओततात. ताटलीत भांडी घासायचा नवा स्पंज ठेवा, त्यावर दोन चमचे घट्ट पोस्टर कलर पसरा, पाणी नाही. भेंडी जून घ्या, देठाकडून तीन सेंमीवर आडवी कापा आणि कापलेली बाजू पेपरवर अर्धा तास उपडी ठेवा. ताज्या कापाचा बुळबुळीतपणा रंग धरू देत नाही. बटाटा कोरला तर तोही असाच टिपून घ्या. ठसा दाबायचा, फिरवायचा नाही. कमलकाकडी मिळाली तर तिच्यापुढे बाकी सगळं फिकं.

माहीमहून, पारंपरिक कंदील

आमच्याकडे कंदील गल्ली असल्याने कामट्या सहज मिळतात. तयार कंदील बघून तो अवघड वाटतो, पण तो नुसता सहा चौकोनांचा खेळ आहे. वय ९ च्या पुढे, दोघांत एक कंदील, दोन दिवस दीड-दीड तास.

२१ सेंमीच्या २४ कामट्या, ४-५ मिमी जाड. आधी सगळ्यांना पॉलिश पेपर मारा, बांबूची कूस बोटात गेली की ते मूल पुढचा तासभर कामाला येत नाही. टोकाला अर्धा-अर्धा सेंमी सोडून साखळदोऱ्याने चार-चार बांधा, म्हणजे २० सेंमीचे सहा चौकोन होतात. त्यातले चार चौकोन पतंगासारखे उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल करा. वर जी चार टोकं येतात त्यांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे, खालच्या चारांना सहाव्याचे. मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. त्यांना वेगळी काडी लागत नाही.

सांगाडा या टप्प्यावर डुलतो, पिळवटतो, आणि मुलं घाबरतात. वरच्या नि खालच्या चौकोनात २९ सेंमीचे दोन-दोन कर्ण बांधा, बराच सरळ होतो. उरलेली कसर कागद भरून काढतो. वरच्या कर्णांच्या फुलीवरच होल्डर टांगायचा.

कागद: पतंगीचे ५० बाय ७५ सेंमीचे दोन ताव पुरतात. एका तावातून २२ सेंमीचे चार चौकोन. दुसऱ्यातून साडेतेवीस सेंमी बाजूचे आठ त्रिकोण, एक सुलटा एक उलटा असे आखले तर दोन ओळींत बसतात. त्रिकोणाची बाजू चौकोनापेक्षा मोठी का, हे मुलं विचारतात. टोकदार कोपऱ्यात दुमडायला जास्त कागद लागतो, म्हणून. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. पतंगी कागदाचा रंग ओला झाला की सुटतो आणि पांढऱ्या चौकोनावर लाल ओघळ येतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा. दिवा एलईडीच, ३ ते ५ वॉट. जुना पिवळा बल्ब कागदाच्या आत नको.

७ च्या आतल्या मुलांना हेच कागदी स्ट्रॉचं द्या: १२ सेंमीचे २४ तुकडे, चार-चार दोऱ्यात ओवून चौकोन.

बोरिवलीहून, वारली

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणूस झाला, असं शिकवतात. तेवढ्यावर मुलांची माणसं परेडला उभी राहतात. वरचा त्रिकोण जरा तिरका करायला सांगा, कमर वळली की माणूस काम करायला लागतो. तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच काढताना वाजवणारा आधी, मग त्याच्याभोवती आतून बाहेर फेर. उलटं केलं तर मध्ये जागाच उरत नाही.

जमिनीसाठी, म्हणजे चित्रामागच्या रंगासाठी, २ चमचे गेरू, १ चमचा फेव्हिकॉल, ४ चमचे पाणी. जाड कार्डशीटवरच लावा आणि मागूनही एक हात द्या, नाहीतर कागद कमानीसारखा वाकतो. पांढऱ्यासाठी ३ चमचे तांदळाची पिठी, तेवढंच पाणी आणि पाऊण चमचा डिंकाचं पाणी. डिंक विसरला तर वाळल्यावर झटकताच पिठी झडते. बांबूची काडी टोकाशी ठेचून ब्रश होतो. एका बुडवणीत चार सेंमी रेघ, मग परत बुडवायची. आकृती ३ सेंमीहून लहान नको.

भिंतीवरची ही कला कागदावर जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातले, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले. इथून लोकलने जाता येईल इतक्या जवळची ही गोष्ट आहे, ती मुलांना सांगा. आणि एक मत: लग्नाचा चौक हा विधीचा भाग आहे, तो चहाच्या कपाखालच्या चकतीवर काढायला देऊ नये. शेत, कोंबड्या, ताडावर चढणारा माणूस, विषय पुष्कळ आहेत.

चेंबूरहून, हळदीचा जादूचा कागद

अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये २ चमचे हळद, दहा मिनिटांनी वरचं गाळून घ्या. हे मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. पाण्यात हळद नीट उतरत नाही, नुसता गाळ बसतो. ड्रॉइंग पेपरवर त्याचा एक हात द्या, दहा मिनिटांत वाळतो. मग पाव वाटी पाण्यात १ चमचा खाण्याचा सोडा, कानकाडीने चित्र. पिवळ्यावर तांबूस रेघ उठते. साबणाच्या पाण्याने आणखी गडद. लिंबाचा थेंब टाकला की फसफसून परत पिवळी. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर.

चित्र खिडकीत लावू नका, उन्हाने हळद उडते. तोच गुण कपड्यांच्या कामाचा: डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नका, खळबळून धुवा आणि ओला असतानाच उन्हात टाका.

अंधेरीहून, फेसावरचे कागद

शेव्हिंगचा फोम हवा, जेल चालत नाही. ट्रेमध्ये १ सेंमी थर, वर दोन किंवा तीनच रंगांचे थेंब, टूथपिक चार-पाच वेळा फिरवायची. जास्त फिरवलं की सगळं तपकिरी. १५० ते २०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कागद हलका दाबून दहा सेकंदांनी उचला आणि पट्टीने फेस एका झटक्यात खरवडून काढा. साधा झेरॉक्सचा कागद खरवडताना फाटतो.

घाटकोपरहून

डावखुऱ्या मुलांचं काय करता? त्यांच्या कात्रीत कागद कापण्याऐवजी दुमडतो.

माहीमहून

दोष मुलाच्या हाताचा नाही. साध्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांवर घासतात. डाव्या हाताने तोच दाब त्यांना एकमेकांपासून लांब ढकलतो, मग कागद मध्ये शिरतो. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, वर्गात दोन ठेवा. ‘दोन्ही हातांची’ म्हणून जी विकतात तिची नुसती मूठ सारखी असते, पाती उजवीचीच.

परळहून, परत एकदा

हात धुवायला नळ नको, दोन बादल्या ठेवा. पहिल्या बादलीत सगळी माती, दुसरीत चूळ दिल्यासारखं नुसतं खळबळणं. रात्रभरात माती खाली बसते, वरचं पाणी झाडांना, खालची शाडू कापडावर पसरून परत वापरायला. बेसिनमध्ये गेलेली शाडू पाइपच्या वाकणात बसते आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. आणि ओली मूर्ती घरी पाठवायची असेल तर किलोचा मिठाईचा खोका, तळाशी चुरगळलेला पेपर, झाकण उघडं. संध्याकाळी सहानंतर लोकलने नेऊ देऊ नका.