जुनी फॉर्च्युनर ३.० घेतोय: इंजेक्टर, टायमिंग बेल्ट, फोर बाय फोर काय तपासू? खर्च किती धरू? (नाशिक)

गोदाकाठ_१५

२०१२ ची फॉर्च्युनर ३.० फोर बाय फोर मॅन्युअल बघितली आहे. दुसरा मालक, मीटर १ लाख ८२ हजार, मागणी साडेदहा लाख. वापर असा राहील: महिन्यातून दोन-तीनदा मुंबई, बाकी निफाड-दिंडोरीकडे मळ्यात, अधूनमधून सापुतारा.

बॉडी चकाचक आहे. सर्व्हिस बुकात ९० हजारांपर्यंतचे शिक्के, पुढे कोरं. दोन गोष्टी खटकतात. सकाळी पहिल्यांदा चालू केली की अर्धा-एक मिनिट इंजिनातून फुस-फुस आवाज येतो, नंतर जातो. आणि रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून ‘ठक्’ वाजतं. विकणारा म्हणतो डिझेल गाडीचं एवढं चालतंच.

हे खरंच चालण्यासारखं आहे का? टायमिंग बेल्ट बदललाय हे कसं ओळखायचं? आणि गाडीच्या किमतीवर किती पैसे बाजूला ठेवावे?

डिझेल_सातपूर

फुस-फुस अजिबात सोडून देऊ नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महागाची ओळ तीच आहे.

या गाडीत वन-केडी इंजिन आहे, २,९८२ सीसी. चारही इंजेक्टर (गॅरेजमध्ये नोझल म्हणतील) टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) आत उभे बसतात. प्रत्येकाच्या बुडाशी तांब्याचा छोटा वायसर असतो. तो बसायचा थांबला की जळलेला गॅस सायलेन्सरकडे न जाता वर टॅपेट कव्हरमध्ये घुसतो. तिथल्या ऑइलमध्ये काजळी मिसळते, ऑइलचं डांबर होतं, ते खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या बुडाचं ऑइलचं भांडं) उतरतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर थर धरतं. मग पंपाला ऑइल ओढता येत नाही. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो, तोवर टर्बोचा शाफ्ट आणि क्रँकचे बेअरिंग उपाशी चाललेले असतात. म्हणजे काही शे रुपयांचा वायसर दोन-तीन लाखांचं इंजिन खातो.

तपासायचं असं. मालकाला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बोनेटवर. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करा, आवाज ऐका, मग आयडलवरच ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थोडी वाफ येणारच. पण झाकण नाचायला लागलं आणि ठराविक ठेक्यात भक-भक गॅस आला, तर गळती आहे. इंजिन बंद करून त्याच भोकातून टॉर्च मारा. आतला भाग तपकिरी, ऑइलने ओला दिसला पाहिजे. तव्याच्या बुडासारखी कोरडी काळी खपली दिसली तर चेंबर उतरवल्याशिवाय टोकन देऊ नका.

पिस्टन रिंग गेल्या तरी झाकणातून गॅस येतो, म्हणून फरक ध्यानात ठेवा. वायसरचा आवाज थंडीत मोठा असतो आणि धातू तापून फुगला की कमी होतो. रिंगचा गॅस गरम झाल्यावरही तसाच राहतो, ऑइल कमी होतं, निळसर धूर येतो. शंका राहिली तर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.

स्कॅनर लावणारा सोबत न्या. गरम इंजिन, आयडल, एसी बंद, आणि चारही इंजेक्टरची ‘इंजेक्शन फीडबॅक व्हॅल्यू’ बघा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा. उणे ३ ते अधिक ३ च्या आत हवी. एखादा सतत बाहेर असेल तर तो इंजेक्टर किंवा तो सिलिंडर आजारी आहे. पाच मिनिटांचं काम आहे.

आता दुरुस्ती. टॅपेट कव्हर उघडून चारही इंजेक्टर काढायचे, बैठका साफ करायच्या, नवे वायसर, रिटर्न पाइपचे सीलही नवे. इथे एक चूक सर्रास होते: जुना वायसर भोकातच चिकटून राहतो आणि मिस्त्री त्याच्यावर नवा ठेवतो. इंजेक्टर वायसरच्या जाडीएवढा वर बसतो आणि महिन्याभरात परत फुस-फुस. म्हणून समोर उभे राहा आणि काढलेले चार जुने वायसर ट्रेमध्ये मोजून घ्या. चार दिसले तरच पुढे. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे, हाताच्या अंदाजाने नाही. मग चेंबर उतरवून जाळी साफ, साधारण ७ लीटर नवं ऑइल, फिल्टर, आणि हजार-दीड हजार किमीला ऑइल-फिल्टर पुन्हा. बाहेरच्या गॅरेजमध्ये सगळं धरून १८ ते २५ हजार. चेंबर न उतरवता कमी पैशात करून देणारे भेटतील. त्यांच्याकडे नका जाऊ, अर्धं दुखणं आतच राहतं.

रिटर्नचे सील गळले तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी ‘फुल’च्या वर दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर भरताना जास्त झालं असेल असं समजू नका.

बेल्टबद्दल: डॅशबोर्डवरचा ‘टी-बेल्ट’चा (टायमिंग बेल्टचा) दिवा बंद आहे म्हणजे बेल्ट बदलला असं नाही. दिवा नुसता रीसेट करता येतो. बेल्टचं वरचं कव्हर मोजक्या बोल्टवर आहे, ते काढायला लावा. नवा बेल्ट असेल तर पाठीवरची छपाई वाचता येते. छपाई पुसलेली, कडा दोरे सुटलेल्या, दातांच्या मुळाशी बारीक तडे असतील तर मालक काहीही म्हणो, बेल्ट जुना. पावती नसेल तर गाडी घेतल्या आठवड्यात बदला. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. नुसता पट्टा बदलू नका. टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंप त्याच वेळी. १५ ते २२ हजार धरा.

घाटमाथा_फोरबाय

इंजिनाचं वर आलंच आहे, मी खालचं सांगतो.

‘ठक्’ हा बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा असतो. क्रॉसला (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) आणि सरकणाऱ्या स्लिप जॉइंटला ग्रीस निपल असतात आणि वॉशिंग सेंटरवाले ते विसरतात. आधी ग्रीस मारून बघा, खर्च काहीशे रुपये. आवाज गेला तर नशीब. राहिला तर क्रॉस हाताने हलवून बघा. प्रत्येकी दीड-दोन हजारांत बदलतो. क्रॉस घट्ट असूनही ठक् आलं तर गिअरबॉक्स माउंटिंग, मागच्या आर्मचे बुश, आणि शेवटी डिफरन्शियलमधली ढिलाई, या क्रमाने जा.

ही फुल-टाइम फोर बाय फोर आहे, चारही चाकांना ताकद कायम जाते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारख्या झिजेचे हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत असे टायर असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो आणि सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहून झिजतो. विकायच्या आधी दोनच टायर नवे टाकून गाडी ‘तयार’ करतात, ते इथे उलटं नुकसान करतं. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. स्टेपनीचाही बघा. २६५/६५ आर १७ चा एक टायर १२ ते १६ हजार.

सेंटर डिफ लॉक आणि लो गिअर मातीत लावून बघा, डांबरावर नाही. तिथे लॉक लावून वळलं तर शाफ्ट पिळले जातात. दिवा पेटतो का, निघताना अडकतं का, एवढं बघायचं. ज्या गाड्यांनी वर्षानुवर्षे लिव्हर हलवलेलाच नाही त्यांत तो गंजून बसतो.

चाचणीला गंगापूर रोडवर चक्कर मारून काही कळत नाही. इगतपुरीवरून कसारा घाट उतरा आणि परत चढा. उतरताना ब्रेकवर स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकल्यात. पेडल खोल जात असेल तर आधी ब्रेक फ्लुइड, मग पुढचं. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढतोय पण गाडी ओढत नाही म्हणजे क्लच घसरतोय (२५ ते ३५ हजार). मध्येच ताकद पडून इंजिनचा दिवा लागला तर डिझेल पंपावरचा एससीव्ही (पंपात डिझेल किती जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह), डिझेल फिल्टर किंवा टर्बोचा अॅक्च्युएटर यांपैकी काहीतरी. एससीव्ही घाण किंवा पाणी मिसळलेल्या डिझेलने अडकतो. आयडलला आरपीएम वर-खाली डोलतो ही त्याची खूण. १० ते १५ हजार. घाट चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, तापमानाचा काटा मध्यावरून हलतो का बघत दोन मिनिटं थांबा.

पुढचं सस्पेन्शन: चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खेळ आला तर लोअर बॉल जॉइंट. हा एकटा लांबणीवर टाकू नका, निखळला तर चाक आडवं पडतं. लोअर आर्म बुश, लिंक रॉड, शॉकअप सगळं एकदम केलं तर ३० ते ४५ हजार.

वाहन_कागद

थोडकंच लिहितो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर होता, नदीकाठच्या बऱ्याच गाड्या पाण्यात गेल्या. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. कधीच बाहेर न येणाऱ्या टोकाला मातीची रेघ असेल तर पाणी आत आलेलं आहे. ड्रायव्हर बाजूचं कार्पेट उचलून वायरिंगचे सॉकेट बघा, हिरवट बुरशी म्हणजे पुढे वर्षभर इलेक्ट्रिकचे झटके.

२०१२ ची आरसी २०२७ पर्यंतच आहे. त्यानंतर पेठ रोडला आरटीओत पासिंग आणि ग्रीन टॅक्स आलाच, तो आजच किमतीतून वजा धरा. कर्जाचा बोजा उतरलाय का, ई-चलन बाकी आहेत का, आणि चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो का, एवढं घरी यायच्या आत.

गोदाकाठ_१५

सगळ्यांचे आभार. आज सकाळी सात वाजता थंड इंजिनावर बघितली. झाकण नाचतंय. आत टॉर्च मारला तर एका बाजूला काळी खपली आहे, बाकी तपकिरी. फीडबॅक: उणे ०.८, अधिक १.१, अधिक ३.९, उणे १.६. बेल्टवरची छपाई दिसत नाही. पुढचे टायर २०२३ चे, मागचे २०१८ चे. ग्रीस मारल्यावर ठक् निम्म्याने कमी झालं. मालक ५० हजार कमी करायला तयार आहे. सोडू की घेऊ? एकजण म्हणतो त्यापेक्षा एन्डेव्हर ३.२ घे.

डिझेल_सातपूर

तीन नंबर इंजेक्टर संशयित. आधी वायसर बदलून पुन्हा आकडा घ्या. गळतीनेही आकडा बिघडतो. तरीही ३ च्या वर राहिला तर इंजेक्टर बेंचवर तपासायला पाठवा. रिकंडिशन १२-१५ हजार, नवा २५ च्या पुढे. नवा टाकला तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, नाहीतर गाडी आयडलला ठोकते आणि दोष इंजेक्टरला दिला जातो.

हिशेब मांडा. वायसर-चेंबर २५, बेल्ट २०, एक इंजेक्टर १५, चार टायर ५५, क्रॉस-ग्रीस-बुश १०, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफचं ऑइल ८. झाले १ लाख ३३ हजार, आणि हे टर्बो चांगला निघाला तर. टर्बो रिबिल्डला ३५ ते ५० वेगळे. ५० हजारांची सूट इथे पुरत नाही.

मालकाला एकच गोष्ट विचारा: तुमच्या खर्चाने नाही, माझ्या खर्चाने चेंबर उतरवू द्या. गॅस्केट आणि ऑइलचे पाच-सहा हजार तुमचे जातील. जाळी मोकळी असेल आणि चेंबरच्या तळाशी चमकणारा धातूचा कीस नसेल, तर नऊपर्यंत घेण्यासारखी आहे. जाळी अर्धी बंद असेल तर एक बिग-एंड कॅप (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरून ठेवणारी टोपी) उघडून बेअरिंग बघा. तांबूस थर दिसायला लागला असेल तर गाडी तिथेच ठेवून या. चेंबर उघडूच द्यायला तयार नसेल तर नाशिकमध्ये अशा गाड्या अजून येतात.

घाटमाथा_फोरबाय

एन्डेव्हर ३.२ चालवायला सुरेख, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. सर्व्हिस मिळते, पार्टसाठी थांबायची तयारी ठेवा. त्यात ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) गळून कूलंट गायब होतो, तो आधी बघा. आणि ऑइल बदलताना ते काढून गाडी तशीच ठेवून चहाला जाणारा मिस्त्री नको: दहा मिनिटांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर ऑइल पंपातलं ऑइल उतरतं आणि चालू केल्यावर प्रेशर बनत नाही. ऑइल पावणेदहा लीटर लागतं, तेव्हा नवे डबे आधी उघडून ठेवायचे, मगच नट सोडायचा.

फॉर्च्युनरच घेतलीत तर मळ्याच्या धुळीसाठी एअर फिल्टर दर ५ हजारांना काढून झटका आणि डिझेल फिल्टरखालचं पाणी दर सर्व्हिसला सोडा. तो एससीव्ही बहुतेक त्यातच वाचतो.