गोवराचे सर्वेक्षण आणि घरी सात महिन्यांचे बाळ

प्रश्न (आरोग्यसेविका, चोपडा तालुका):
आमच्या उपकेंद्राच्या हद्दीतील दोन पाड्यांवर ताप-पुरळाचे रुग्ण निघाल्यापासून आठ दिवस घरोघर सर्वेक्षण सुरू आहे. बाळ सात महिन्यांचे असल्याने त्याला एमआरची (गोवर-रुबेला) लस अजून मिळालेली नाही. सकाळी आठला निघते ती पाचला परतते. काल दारात पाऊल ठेवताच सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्या रडी-रडी झोपी गया." माझ्यामार्फत गोवर घरी येईल या भीतीने मी त्याला आल्या आल्या जवळही घेत नाही. दूध काढून ठेवावे, तर आत्ताच पारा चाळिशीला टेकला आहे. काय करावे?

उत्तर (निवृत्त आरोग्य सहाय्यिका, धुळे):
ताई, भीती थोडी चुकीच्या जागी आहे. गोवर रुग्णाच्या श्वासातून आणि खोकल्यातून हवेत पसरतो आणि बंद खोलीत दोन तासांपर्यंत टिकतो. कपड्यांतून घरी येण्याची शक्यता फार कमी. तुम्ही स्वतः सुरक्षित असाल, तर हातपाय धुऊन, साडी बदलून बाळाला खुशाल पदराखाली घ्या. मात्र आपल्या देशात गोवर लसीची दुसरी मात्रा २०१० पासून सुरू झाली, त्यामुळे तुमच्या पिढीतील अनेकींना एकच मात्रा मिळालेली असते. लहानपणी गोवर झाल्याची खात्री नसेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून मात्रा घ्या. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते, गरोदर बाईला मात्र देत नाहीत. खरा धोका आहे तो बाळाला लग्नात, बाजारात किंवा तापाचा माणूस असलेल्या घरी नेण्यात, आणि हे सासूबाईंना तुम्हीच गोडीने सांगायचे आहे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, जळगाव):
वरील उत्तराशी सहमत आहे. नोव्हेंबर २०२२ च्या उद्रेकात केंद्र सरकारने असे सुचवले होते की, ज्या भागात ९ महिन्यांखालील रुग्ण १० टक्क्यांहून अधिक असतील, तेथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना एक जादा मात्रा द्यावी. तुमच्या भागात तसा निर्णय झाला आहे का, हे तालुक्याला विचारा. ही मात्रा मिळाली तरी ९ महिन्यांची आणि १६ ते २४ महिन्यांमधली मात्रा चुकवायची नाही.

उत्तर (आरोग्यसेविका, शिरपूर):
दुधाबाबत माझा अनुभव सांगते. एमआरच्या कुपीतली लस विरघळवल्यावर ती चार तासांतच वापरायचा हिशेब आपण ठेवतो, तोच दुधाला ठेवावा. पण तो २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे, आपल्याकडच्या पत्र्याच्या घरासाठी नव्हे. म्हणून काढलेले दूध लगेच फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारात नको. पाजताना वाटी कोमट पाण्यात धरावी, उकळू नये, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा. बाळ सात महिन्यांचे आहे, तेव्हा दुपारी मऊ खिचडीही चालेल. (लसीच्या पेटीत दूध ठेवण्याचा मोह मलाही झाला होता, ठेवू नका, ती लसीसाठीच आहे.)

बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, आता ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आमच्याकडे ती तोंडी मागितली तेव्हा सगळे हसले होते. लेखी अर्ज दिल्यावर जवळचे पाडे माझ्या वाट्याला आले आणि दुपारी घरी येणे जमू लागले.

प्रश्नकर्ती:
अर्ज आज रात्रीच लिहिते. बाळ मांडीवर आहे.