हबल पाच दिवस एकाच तारकागुच्छाकडे का बघत बसली?

डॉब_कोल्हापूर
मंडळी, मागच्या अमावास्येला राधानगरीच्या बाजूला आठ इंची डॉब (साध्या बैठकीवरची डॉब्सोनियन दुर्बीण) लावली होती. एम ४ हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ झकास दिसला, मधोमध ती ताऱ्यांची रेघसुद्धा सुटी सुटी. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की २००५ साली हबलने पीठ तारकासमूहातल्या एनजीसी ६३९७ या गोलाकार गुच्छावर १२६ प्रदक्षिणा खर्च केल्या. २.४ मीटरचा आरसा, वर वातावरण नाही, गुच्छ जेमतेम आठ हजार प्रकाशवर्षांच्या आत. मग एवढा वेळ कशाला? आणि वर म्हणे ‘एका मर्यादेहून अंधुक लाल बटू (सगळ्यात छोटे, मंद तारे) तिथे नाहीतच’. दिसले नाहीत आणि नाहीतच, यात फरक आहे की नाही? मला तरी पटलेलं नाही.

निशाचर७७
अंधुक तारे म्हणजे जास्त एक्स्पोजर. त्यात काय एवढं?

रात्रपाळी
निशाचरराव, एक्स्पोजर नुसतं वाढवलं तर आधी मरतात ते शेजारी. गुच्छातले तांबडे राक्षसी तारे दहाव्या-अकराव्या प्रतीचे (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद), आणि शोधायचे श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्यांचे थंड होत जाणारे गाभे, २८व्या प्रतीचे. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. २८वी प्रत म्हणजे त्याच्या ६३ कोटी पट मंद. मोठा तारा भरून वाहायला लागला, त्याचे काटे फुटले, की आजूबाजूचे सगळे बारके त्यात गडप. म्हणून हार्वी रिचर (व्हँकूव्हर, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ) आणि मंडळींनी गाभ्याचा मोह टाळला आणि केंद्रापासून पाच कलांवरचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), त्यातल्या त्यात मोकळा भाग धरला.

शिवाय एक प्रदक्षिणा ९५ मिनिटांची असली तरी बराच वेळ पृथ्वीच आड येते. तुकड्या-तुकड्यांनी फोटो घ्यायचे. दर वेळी दुर्बीण पिक्सेलच्या अंशाइतकी सरकवायची, म्हणजे वैश्विक किरणांचे ओरखडे आणि खराब पिक्सेल जुळणीत गळून पडतात. हे सगळं मिळून जवळजवळ पाच दिवसांचा प्रकाश.

आता डॉबभाऊंची शंका, कारण खरी गंमत तिथे आहे. हे लोक फोटोत स्वतः खोटे तारे पेरतात. हव्या त्या प्रतीचे, हव्या त्या जागी, आणि मग तोच प्रोग्रॅम त्यावर चालवतात. पेरलेल्यांपैकी किती सापडले ते मोजायचं. ताऱ्यांच्या रंग-तेजाच्या आलेखात लाल बटूंची रांग साधारण २६व्या प्रतीशी विरत जाते, आणि त्याच फोटोत २८व्या प्रतीचे श्वेतबटू सापडतात. म्हणजे नजर पोचत होती, तारे नव्हते. सूर्याच्या सुमारे आठ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमान असलं की पोटात हायड्रोजन टिकून जळतच नाही, ती ही हद्द.

डॉब_कोल्हापूर
खोटे तारे पेरणं आवडलं, हे कुठे वाचलं नव्हतं. पण त्या भागात आकाशगंगेचे इतर तारेही असणारच की. गुच्छातला कोण, वाटेतला कोण, हे कसं ठरवलं?

रात्रपाळी
चालीवरून. नव्वदच्या दशकातले हबलचेच जुने फोटो होते, ते २००५च्या फोटोंशी ताडून पाहिले. दिंडीतले वारकरी एका चालीने पुढे सरकतात, रस्त्याकडेचे बघे मागे राहतात, तसं. पिक्सेलच्या अंशाअंशांचा हिशेब असतो, पण हबलची प्रतिमा इतकी टोकदार की तो जमतो. ही चाळणी लावली की आलेख एकदम स्वच्छ होतो. आणि मग श्वेतबटूंचं टोक दिसतं: सगळ्यात थंड झालेले बटू लाल होत जाण्याऐवजी उलटे निळसर वळतात, कारण त्यांच्या वातावरणात हायड्रोजनचे रेणू तयार होऊन अवरक्त प्रकाश गिळतात. त्या टोकापलीकडे कोणी नाही, कारण त्याहून थंड व्हायला अजून वेळच मिळालेला नाही. त्यावरून गुच्छाचं वय निघालं सुमारे साडेअकरा अब्ज वर्षं. माझ्या मते या प्रकल्पाची खरी कमाई हीच. लाल बटूंचा बोलबाला जास्त झाला एवढंच.

मीरा_तारे
भर घालते. एनजीसी ६७५२ या दुसऱ्या गुच्छातले श्वेतबटू शोधताना मागे चक्क एक बटू आकाशगंगा सापडली होती, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षांवर. बेदिन १ तिचं नाव, २०१९ची बातमी. रात्रपाळी, आपल्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेने यातलं काही होईल का?

रात्रपाळी
अंधुक लाल काही नाही. त्याच्या अतिनील दुर्बिणींचे आरसे ३७.५ सेंटिमीटरचे, आणि अतिनीलमध्ये लाल बटू जवळजवळ गायबच. पण गुच्छातले तापलेले तारे, निळे भटके (गुच्छातल्या इतरांपेक्षा तरुण दिसणारे निळे तारे) वगैरे त्याला छान सुटे दिसतात, त्यावर आपल्याकडे बरंच काम झालंय. त्या आठ टक्क्यांच्या हद्दीखालचे तपकिरी बटू हवे असतील तर वेब ही अवरक्त अवकाश दुर्बीण. ते अब्जावधी वर्षं थंडच होत आलेत, त्यामुळे जो काही प्रकाश उरलाय तो अवरक्तात.

डॉब_कोल्हापूर
आणि एनजीसी ६३९७ आपल्याकडून दिसतो का?

रात्रपाळी
कोल्हापुरातून दक्षिणेला जास्तीत जास्त २० अंश वर येतो. जूनमध्ये मध्यरात्री, म्हणजे ढगात. मेच्या मध्याला रात्री दोनच्या सुमारास बघा. दक्षिणेला गावाचे दिवे नसलेली जागा धरा, एवढ्या खाली धूळ फार नडते.