कार्बन फायबर बॉनेटची चोरी: कुलूप लॅचला लावायचं की बिजागरीला?

रातकिडा

गेल्या महिन्यात माझं बॉनेट गेलं. सकाळी गाडीपाशी गेलो तर इंजिन उघडं, आणि बिजागऱ्यांचे चारही बोल्ट बॅटरीवर एका ओळीत ठेवलेले. वॉशरची नळीसुद्धा तोडलेली नव्हती, जोडावरून हलकेच सोडवली होती. काच शाबूत, दाराला ओरखडा नाही. ग्रिलमधून आकडा घालून लॅचची (बॉनेट पुढून धरून ठेवणाऱ्या खिट्टीची) केबल ओढली, एवढाच काय तो मार्ग.

अलार्म वाजला नाही. मूळ बॉनेटखाली एक छोटा स्विच असतो, बॉनेट उघडलं की तो सुटतो आणि अलार्म वाजतो. आफ्टरमार्केट (कंपनीचं नसलेल्या, बाहेरून घेतलेल्या) बॉनेटला त्या जागी दाबणारा भाग नव्हता, म्हणून बसवताना तो स्विच बायपास केला गेला. मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुमच्याकडे असं बॉनेट असेल तर आजच हा स्विच तपासा.

आता माझं मत. आपण सगळे पुढच्या बाजूचा विचार करतो: किल्लीच्या पिना (बॉनेट पुढून अडकवणाऱ्या, किल्लीनंच उघडणाऱ्या खिळ्या), जादा लॅच, केबलला कवच. पण माल सुटतो तो मागून, बिजागरीपासून. मूळ लोखंडी बॉनेट एकट्याला धड उचलता येत नाही. कार्बनचं बॉनेट आपण हलकं म्हणून घेतो आणि तेच हलकेपण चोराच्या कामी येतं, एक माणूस ते काखेत मारून चालू पडतो. त्यामुळे पहिलं कुलूप बिजागरीला हवं. दोन्ही बाजूंचा निदान एकेक बोल्ट बदलून मधे खुंटी असलेला टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) बोल्ट घाला. चोर दहाची गोटी (साध्या बोल्टवर बसणारा गोल पाना) घेऊन येतो, ती तिथे लागत नाही.

गोटीपाना

असहमत. खुंटीवाल्या टॉर्क्सचे बिट बऱ्याच साध्या सेटमध्ये असतात. खास कार्बन बॉनेटसाठी येणारा माणूस ते खिशात घेऊनच येईल. आणि बिजागरीपर्यंत हात पोचला याचा अर्थ बॉनेट आधीच उघडलंय! मग बॅटरी, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), काय वाटेल ते जाऊ शकतं. दार उघडं ठेवून तिजोरीला कुलूप लावण्यासारखं आहे हे. माझ्या गाडीला चार वर्षं किल्लीच्या पिना आहेत आणि बॉनेट जागेवर आहे.

थंड_इंजिन

गोटीपाना, त्या किल्लीच्या पिनांविषयी मला बोलायलाच हवं.

माझ्या ओळखीतल्या एकाच्या गाडीत वायरिंग शॉर्ट होऊन बॉनेटच्या कडांमधून धूर यायला लागला. तो अग्निशामक घेऊन पुढं धावला. पिनांची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात, आणि जुडगा इग्निशनमध्ये. परत आत जाऊन तो काढला. पहिली पिन उघडली, दुसरी धुळीनं अडकलेली. तोवर बॉनेटचं रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा पदार्थ) करपायला लागलं होतं. शेवटी अग्निशामकाची नळी ग्रिलमधून आत घालून फवारा मारला, म्हणून निभावलं. अपघातानंतर बॅटरीची तार तोडायला येणाऱ्या बचाव पथकाचीही हीच अडचण होते.

बॉनेट पुन्हा घेता येतं. पुढचं कुलूप मला धोक्याचं वाटतं, मग ते कितीही भक्कम असो.

गोटीपाना

आगीचा मुद्दा मान्य. पण ही देखभालीची चूक आहे, पिनांची नाही. दर महिन्याला पिनेच्या कुलपात ग्राफाइट घालायचं आणि किल्ली वेगळ्या कडीत ठेवायची. शिवाय वेगात बॉनेट फडफडू नये म्हणून कित्येक आफ्टरमार्केट बॉनेटांना पिना लावायला बनवणाराच सांगतो. भोक पाडायचंच आहे, तर किल्लीची पिन का नको?

विणकर

भोकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी कॉम्पोझिटचं (धागे आणि रेझिन मिळून बनवलेल्या भागांचं) काम करतो.

पिनेसाठी पाडलेलं भोक तसंच उघडं सोडू नका. त्या कडेतून पाणी थरांमध्ये शिरतं आणि थर सुटायला लागतात. कड रेझिननं बंद करा. दुसरं, पिनेभोवतीची ॲल्युमिनियमची तबकडी थेट कार्बनवर बसवू नका. कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते. मधे काचतंतूचा पातळ थर द्या आणि बोल्ट स्टेनलेसचे वापरा.

रातकिड्यांच्या बोल्टांबद्दलही सावधगिरी हवी. बिजागरीजवळ धातूचा तुकडा रेझिननं चिकटवलेला असतो. जोर लावून आवळलं तर तो आतल्या आत सुटतो आणि बॉनेट नुसतं क्लिअर कोटच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) भरवशावर राहतं. काही जण डोकं तुटून पडणारे बोल्ट सुचवतात, ते तर इथे नकोच. आफ्टरमार्केट बॉनेटच्या कडेची फट सगळीकडे सारखी जुळवायला बिजागरी तीन-चारदा सैल करावी लागते.

रातकिडा

विणकर, आभार. आवळण्याचं लक्षात ठेवीन.

गोटीपाना, तिजोरीचं उदाहरण मला पटत नाही. माझा चोर अवजारांचं दुकान घेऊन आला नव्हता. त्याला वेळ हवा होता आणि तो मी फुकट दिला. स्विच चालू असता आणि दोन बोल्ट आडमुठे असते, तर अलार्म वाजत असताना त्याला बिट शोधत बसावं लागलं असतं. आणि थंड_इंजिन म्हणतात ते बघा, बिजागरीचं कुलूप आगीच्या वेळी आड येत नाही. लॅच मोकळंच राहतं.

थंड_इंजिन

बरोबर. पण चिडलेला चोर बॉनेट उलटं वाकवून बिजागरीपाशी मोडून ठेवेल, ही भीती मला आहेच. माझं मत साधं आहे: रोजच्या वापरात मूळ बॉनेट, कार्बनचं ट्रॅकच्या दिवशी. चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम.

रातकिडा

दर वेळी फट पुन्हा जुळवायची? आणि मी ते कपाटात ठेवायला घेतलं नव्हतं. त्याची विण उन्हात बघायला मला आवडायचं.

मोकळा_रस्ता

सगळे कुलपांवर बोलताय, पण चोरलेलं बॉनेट जातं कुठे? दुसऱ्या हौशी माणसाकडेच. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानं जास्त चोरी होणाऱ्या मॉडेलांच्या इंजिन, दारं, बॉनेट अशा मुख्य भागांवर गाडीचा ओळख क्रमांक टाकणं आलं. तुमच्या गाडीचा क्रमांक आफ्टरमार्केट बॉनेटवर नसतो. एकदा निघालं की ते कोणाचंच नसतं. क्रमांक आपणच घालायला हवा, तोही आतल्या बाजूला क्लिअर कोटच्या खाली, म्हणजे घासून काढायचा तर दिसेल असा व्रण राहील. आणि विमा कंपनीला बॉनेट लेखी कळवा, नाहीतर भरपाई मूळ लोखंडी बॉनेटच्या हिशेबानं होऊ शकते.

गोटीपाना

क्रमांकानं चोरी थांबत नाही. चोर रात्री टॉर्च लावून क्रमांक वाचत बसत नाही.

मोकळा_रस्ता

चोर नाही वाचत, घेणारा वाचतो. मी दोन वर्षांपूर्वी वापरलेलं एक बॉनेट घेतलं, निम्म्याहून कमी किमतीत. पावती मागितली नाही. बिजागरीच्या भोकांभोवती पान्याचे ताजे ओरखडे होते, ते मी पाहिले आणि गप्प बसलो. हा धागा वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये.

विणकर

हातानं थर लावलेल्या दोन बॉनेटांची विण तंतोतंत सारखी येत नाही. खालच्या बाजूचा प्रत्येक दोष वेगळा असतो. प्रत्येकानं आतली बाजू तिरक्या उजेडात जवळून फोटो काढून ठेवावी. रातकिडा, तुमच्याकडे फोटो आहे का?

रातकिडा

बसवण्याआधीचा एक आहे. आतून डाव्या बिजागरीच्या वर विण अंगठ्याएवढी वाकडी झालीय आणि शेजारी रेझिनचा थेंब तांदळाच्या दाण्यासारखा थिजलाय. मोकळा_रस्ता, तुमचं दोन वर्षांपूर्वीचं आहे, माझं नसणार. तरीही लिहितो, कोणाला दिसलं तर.

मोकळा_रस्ता

आत्ता खाली जाऊन टॉर्चनं पाहून आलो. तुमचं नाही. पण उजव्या कोपऱ्यात कोणीतरी क्रमांक खरवडून काढल्याची जागा आहे, सहा-सात अंकांएवढी. दोन वर्षांत मी तिकडे कधी वाकून पाहिलंच नव्हतं. विणकर, घासलेला क्रमांक वाचता येण्याची काही सोय असते का?

विणकर

कोरलेला असेल तर कधी कधी तिरक्या उजेडात खोल रेघा दिसतात. पुसू नका, पॉलिश तर अजिबात करू नका. फोटो पाठवा.